आजच्या आज माहेरी

नाताळ म्हणजे सुनेनं सासरी मरमर राबायचा दिवस, असं बायबलात कुठंही लिहिलेलं नाही. पण डोंगरावरच्या त्या घरात हा नियम बायबलाहून पक्का होता.

ऊन अजून नीट तापायचं होतं, तरी पत्र्याच्या भिंतीला हात लाववत नव्हता. परसात तीन तिपायी हंड्यांपुढं वुयेल्वा उभी होती. एकात कांडलेला मका आणि घेवडा, दुसऱ्यात मेंढ्याची आतडी, तिसऱ्यात रटरटणारा कोबी. अंगावर घोट्यापर्यंत स्कर्ट, त्यावर एप्रन, कपाळापर्यंत ओढलेला रुमाल आणि खांद्यांवर लोकरीची शाल, पुढं मोठ्या पिनेनं अडकवलेली. सुनेनं सासरच्या अंगणात खांदे उघडे टाकायचे नसतात. ते झाकता झाकता ती उकडून मेली तरी हरकत नाही, पण मरताना शाल जागेवर असावी. त्या देशात थंडी जूनमध्ये पडते; तेव्हा ही शाल बरी वाटली असती. पण जूनमध्ये नाताळ येत नाही, आणि जूनमध्ये सुनेची आठवणही कुणाला येत नाही.

ओसरीवर तिची नणंद थांडेका अर्ध्या चड्डीत बसून नखं रंगवत होती.

"सूनबाई, बर्फ संपला गं!"

"मग आण."

"काय म्हणालीस?"

"आणते म्हटलं."

लग्नात सासरच्यांनी वुयेल्वाचं नाव बदलून नोकुझोला ठेवलं होतं. म्हणजे शांत राहणारी. नाव ठेवणाऱ्यांनी जिचं नाव ठेवायचं तिला आधी एकदा विचारून घ्यावं.

तिला आज दुसरं काही नको होतं. तिला आज आईकडे जायचं होतं. बस, एवढंच. माहेर नदीच्या पलीकडच्या टेकडीवर होतं. गाडीनं गेलं तर हंड्याला उकळी फुटायच्या आत पोचावं, इतकं जवळ. आणि हे मागणं तिनं आज सकाळी उठून काढलेलं नव्हतं. जोहान्सबर्गमध्ये, त्यांच्या भाड्याच्या खोलीत, नवऱ्यानं, लुयांदानं, छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "नाताळच्या सकाळी तुला गाडीत घालतो आणि तुझ्या आईच्या फाटकाशी उतरवतो. मेंढ्याचं मांसही बरोबर देतो. देवाशपथ."

या वर्षीच का, तर या वर्षी जूनमध्ये तिचा भाऊ म्बुलेलो गेला. एकुलता भाऊ. ट्रकनं त्याची टॅक्सी उडवली. बाप तर कधीच गेलेला. त्या डोंगरात नाताळला प्रत्येक अंगणात जोहान्सबर्गहून आलेली एक गाडी उभी असते, चारी दारं उघडी टाकून गाणी ठणाणत असतात, आणि ज्या अंगणात गाडी नाही ते अंगण समोरच्या टेकडीवरून उघडं दिसतं. लोक बोट दाखवतात, तिथं कुणी आलं नाही. या वर्षी ते अंगण तिच्या आईचं होतं.

सकाळी आईचा फोन आला होता.

"काही नाही गं, सहजच. कोंबडी कापलीय. मोठी आहे. मला एकटीला काय संपायची."

आईच्या आवाजामागं काहीच ऐकू येत नव्हतं. गाणं नाही, पोरं नाहीत, कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. वुयेल्वाला त्या शांततेचा राग आला, मग स्वतःचा, आणि मग ज्याच्यावर यायला हवा होता त्याचा.

"येते मी. दुपारच्या आत येते."

"पाऊस दुपारनंतर येतोय बघ रोज. पूल बुडतो."

"माहीत आहे आई."

नदीवरचा पूल म्हणजे सिमेंटचा एक बुटका पट्टा. वर डोंगरात ढग फुटला की तासाभरात पाण्याखाली. म्हणजे जे करायचं ते दुपारच्या आत.

सासूबाई मामटोलो चर्चमधून परतल्या त्या चर्चच्या महिला मंडळाच्या, लाल जाकिटातल्या चार बाया घेऊनच. जाकिटाची गळ्यापर्यंतची बटणं लावलेली, घाम कानशिलावरून वाहतोय, आणि तोंडं मात्र आताच स्वर्गातून जाऊन आल्यासारखी.

"बघा," मामटोलो त्यांना म्हणाल्या, "आमची सून बसत नाही. मी तिला आजवर बसलेली बघितली नाही."

"बसू दिलं तर बघाल ना," त्यातली एक म्हातारी पुटपुटली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

वुयेल्वानं आल्याच्या, बिननशेच्या बियरचे पेले आणले, गुडघे टेकवून दिले. मग खालच्या आवाजात म्हणाली, "आई, लुयांदा मला माहेरी सोडणार होते. पाऊस यायच्या आत."

"माहेरी?" मामटोलोंनी तो शब्द असा उच्चारला, जशी ताटात माशी सापडली. "आज नाताळ आहे."

"म्हणूनच."

"नाताळ ज्या घरात बाई दिलेली असते त्या घरचा असतो. मी या घरात आले तेव्हापासून एक नाताळ माहेरी केला नाही. मेले का मी?"

"माझी आई एकटी आहे, आई."

"आम्ही नाही का म्हटलं? नवऱ्याला विचार. तो नेत असेल तर ने म्हणावं." आणि बायांकडे वळून, "आजकालच्या पोरींना आईचं दूध सुटतच नाही बाई. स्वतःच्या छातीला अजून पोर नाही लागलं, आणि आईची मात्र आठवण."

बाया हसल्या. नवऱ्याला विचार म्हणणं सोपं होतं. नवरा गोठ्यात होता.

गोठा म्हणजे अंगणापुढचं उभ्या-आडव्या लाकडांचं गोल कुंपण, वर छप्पर नाही. पहाटे मेंढा तिथंच कापला होता, मांस तिथंच भाजलं जात होतं, आणि घरातले झाडून सगळे पुरुष वयाच्या क्रमानं तिथं बसले होते, ज्वारीच्या बियरची बादली हातोहात फिरवत. सुनेनं त्या कुंपणाच्या आत पाय टाकायचा नाही. आत घराण्याचे मेलेले ऐकत असतात म्हणे. तिचा सासरा तिथंच दाराशी पुरलेला. जिवंत असताना त्यानं कधी कुठल्या बाईचं ऐकलं नव्हतं, मेल्यावर मात्र एकदम सगळं ऐकू येऊ लागलं.

तिनं थांडेकाला गोठ्यात पाठवलं. लेक असल्यानं थांडेकाला मुभा होती. ती गेली, परत आली.

"मांस झाल्यावर म्हणतोय."

मांस झालं. पुन्हा पाठवलं.

"म्हातारे उठल्यावर म्हणतोय. मध्येच उठलो तर बरं दिसत नाही म्हणतोय. आणि हे बघ, मला आता पाठवू नकोस. माझी नखं ओली आहेत."

म्हातारे उठतात कधी! बादली रिकामी झाल्याशिवाय त्या डोंगरात कुठला म्हातारा उठलाय? आणि बादली भरून कोण देत होतं? वुयेल्वाच. स्वतःच्या हातानं ती स्वतःचा उशीर कालवत होती. हे ध्यानात आलं तेव्हा हंड्यातला चमचा तिनं असा आपटला की कोबी चुलीत सांडला.

फाटकाशी नव्या कपड्यांतली पोरं आली, "क्रिसमस! क्रिसमस!" म्हणून ओरडत. तिनं एप्रनमध्ये बिस्किटं घेऊन वाटली. पश्चिमेला, डोंगराच्या डोक्यावर, पांढऱ्या ढगाला खालून काळं लागायला सुरुवात झाली होती.

तेवढ्यात गोठ्यातून लुयांदाचा आवाज आला, चांगलाच जड झालेला.

"नोकुझोला! मीठ!"

ती मीठ घेऊन गोठ्याच्या दाराशी गेली. दाराच्या आत हात घालून द्यायचं, नजर खाली ठेवायची, मागं फिरायचं. तिनं नजर खाली ठेवली नाही. लुयांदा सदरा काढून घोंगडीवर कोपर टेकून पसरला होता. हाताला मांसाची चरबी. तिला बघून तो गोड हसला. राग येत नसता तर तिलाही तो गोड वाटला असता.

"निघायचं ना?" ती म्हणाली. "ढग बघा."

"निघू, निघू. तो गाडी घेऊन येऊ दे."

"कोण?"

"चुलतभाऊ. बाटलीची बियर आणायला गेलाय, बाजारात. येईलच."

वुयेल्वानं मान वळवली. अंगणात गाडी नव्हती. जिथं ती उभी होती तिथं तेलाचा एक डाग होता आणि त्यावर एक कोंबडी चोच मारत होती. बाजार म्हणजे मथाथा शहराच्या रस्त्यावरचा. नाताळच्या गर्दीत तिथून परत यायचं म्हणजे संध्याकाळ.

"किल्ली दिलीत तुम्ही?"

"बियर संपली ना गं. एवढी माणसं आहेत. उद्या जाऊ. उद्या नक्की. तुझी आई कुठं पळून चाललीय?"

त्या शेवटच्या वाक्यावर दोघं-तिघं हसले.

आता तळपायाची आग मस्तकात जाणं वगैरे म्हणतात तसं काही झालं नाही. आग तिथं सकाळपासून होतीच. फक्त शाल जड झाली. तिनं पिन काढली, शाल गोठ्याच्या लाकडावर टाकली. डोक्याचा रुमाल सोडून त्यावर टाकला. आणि मिठाचा वाडगा हातात तसाच धरून ती गोठ्यात शिरली.

पुरुषांचं चघळणं थांबलं. एकाच्या हातातली बादली तोंडाशीच राहिली.

ती मधोमध गेली, नवऱ्याच्या घोंगडीशी थांबली. "लुयांदा, ऊठ."

नवऱ्याचं नाव, चारचौघांत, गोठ्यात. एका म्हाताऱ्याच्या घशात घास अडकला आणि तो खोकत सुटला.

"अगं... नोकुझोला..."

"नोकुझोला तुमची. मी वुयेल्वा. ऊठ आणि या सगळ्यांना सांग तू मला काय शब्द दिला होतास. देवाची शपथ घेऊन. की देवाची शपथ फक्त भाड्याच्या खोलीत चालते? माझा भाऊ मेला. त्याच्या मातीला तू खांदा दिलास, रडलास, माझ्या आईचा हात धरून म्हणालास, आई, आता मी तुमचा मुलगा. हा मुलगा आज सदरा काढून बरगड्या चोखतोय. आणि मी त्याच्या हातात मीठ द्यायचं!" वाडगा तिनं त्याच्या घोंगडीवर उपडा केला. "घे. खा. शब्द मिठाला लावून खा."

सगळ्यांत थोरले, सासऱ्याचे भाऊ, झोलिले काका काठीवर भार देऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही. त्यांना कधी चढवावा लागला नव्हता.

"या जमिनीखाली तुझा सासरा आहे, पोरी."

"माहीत आहे. त्यांच्यासाठीही मीच स्वयंपाक करते."

"बस! आता तोंड बंद." काका पुरुषांकडे वळले. "हिनं उघड्या डोक्यानं म्पिंगा घराण्याचा गोठा विटाळला. नवऱ्याचं नाव घेतलं. दंड जुना आहे, नवा शोधायला नको. ही माहेरी जाईल. शेळी घेऊन येईल. ती इथं कापली जाईल, मगच ही या घरात चुलीला हात लावील. आजच्या आज निघायचं."

"आजच्या आज," म्हाताऱ्यांनी माना हलवल्या.

सकाळपासून जे मागून मिळालं नव्हतं, ते वुयेल्वाला शिक्षा म्हणून मिळालं होतं. हसावं की ओरडावं कळेना. पण तिच्या आधी ते दुसऱ्या कुणाच्या तरी ध्यानात आलं. कुंपणापलीकडून मामटोलो धावत आल्या. आत यायची त्यांनाही बंदी, म्हणून दोन लाकडांच्या फटीत तोंड घालून ओरडल्या, "भावोजी! अहो भावोजी! आजच्या आज कशाला? पास्टर जेवायला यायचेत. ताटं व्हायचीत, भांडी पडलीत डोंगराएवढी. उद्या जाईल की!"

गोठ्यात चुळबुळ झाली.

"तसं बघितलं तर," एकजण दाढी खाजवत म्हणाला, "उद्या गेली तरी शेळी तीच."

"हो ना. जेवणं तरी उरकू देत."

"कस्टर्ड अजून यायचंय," कुणीतरी हळूच म्हणालं.

झोलिले काकांनी घसा खाकरला. "हं. बरं, मग असं करू..."

"काय बरं?" वुयेल्वा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "शेळी येईपर्यंत चुलीला हात लावायचा नाही, असं आताच म्हणालात. मग मी पास्टरला वाढू कशी? विटाळलेल्या हातानं? आणि तुमचे पूर्वज? त्यांना कोण सांगणार, आज जरा कळ काढा, भांडी पडलीत म्हणून? तुम्ही सांगाल? सांगा, मी ऐकते."

"उद्धट!" काका म्हणाले.

"आहे. पण उद्धट बाईच्या हातचं कस्टर्ड चालतंय की तुम्हाला. तुमचा नियम लोखंडाचा असतो, म्हणता. भांडी दिसली की लगेच वितळतो होय?"

कुंपणापलीकडे लाल जाकिटातली ती म्हातारी मोठ्यानं हसली. "मामटोलो, सून केली की वकील?"

तिच्या हसण्यानंच काका अडकले. गोठ्यात बोललेला शब्द गिळला असं उद्या चर्चभर झालं असतं. त्यांनी काठी जमिनीवर आपटली.

"शब्द पडला. जा."

ती बाहेर आली. शाल लाकडावरच राहू दिली. ओसरीपुढून जाताना थांडेका उठून उभी राहिली होती, बोटं फाकवून.

"मग वाढायचं कुणी?"

"चुलीवर मका करपतोय. बघ."

लुयांदा सदऱ्याची बटणं लावत फाटकापर्यंत आला. "थांब ना. गाडी येऊ दे. मी सोडतो. अगं पायी कशी जाशील, ऊन बघ."

"ऊन सकाळी नव्हतं दिसलं?"

ती थांबली नाही.

उतारावर वाऱ्याची पहिली झुळूक उघड्या मानेला लागली आणि तिला आपले खांदे आठवले. घामानं पाठ भिजलेली, केस चपटे बसलेले. वाटेतल्या अंगणांतून लोक बघत होते. एका गाडीतून गाणं थांबवून कुणी विचारलं, "म्पिंगाची सून ना तू? पायी?" तिनं पावलं आणखी झपझप टाकली. पूल अजून कोरडा होता. पलीकडच्या चढाला ती लागली आणि मागं ढग फुटला.

आई फाटकातच उभी होती. लेकीला तिनं डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"डोक्यावर काही नाही, खांद्यावर काही नाही. कोण मेलं?"

"कुणी नाही. मी गोठ्यात शिरले. सगळे बसलेले असताना."

आईनं तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. मग तो हात तिथून उचललाच नाही. तसंच तिला ढकलत घरात नेलं, कारण गारा पडायला लागल्या होत्या.

पत्र्यावर गारांचा ताशा वाजत होता. वुयेल्वा ओरडून ओरडून सगळं सांगत होती, आणि आई मध्येमध्ये विचारत होती, "मिठाचा वाडगा? सगळा? घोंगडीवर?" शेळीचं ऐकून तिनं परसाकडं बघितलं. आईकडे म्बुलेलोच्या दोन शेळ्या होत्या.

"देऊ नकोस," वुयेल्वा म्हणाली. "मी नेणार नाही. शब्द मोडला त्यानं, आणि शेळी आपली?"

"गप. या घरात मी ठरवते."

पाऊस थांबला, खाली नदीचा आवाज वाढला आणि हळूहळू उतरला. उजेड होता तेवढ्यात लुयांदा चढावर दिसला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात. गाडी पलीकडच्या काठावर उभी. नशा पुरती उतरली होती.

"आई, हॅपी क्रिसमस," तो फाटकाबाहेरून म्हणाला.

"हं. शेळीसाठी आलास ना? ही घे." आईनं एक शेळी दाव्यासकट बाहेर आणली. "घेऊन जा. तुमचा गोठा धुवा. आम्ही दंड बुडवणारी माणसं नाही."

त्याच्या जिवात जीव आला. "मग नोकु... वुयेल्वाला हाक मारता?"

"ती इथं राहील. मी धरून ठेवलीय तिला."

लुयांदाचा चेहरा उतरला. याचा अर्थ त्याला कुणी सांगायला नको होता. लेक दुखावून माहेरी आली, तर नवरा जनावर घेऊन येऊन चूक कबूल करीपर्यंत घरच्यांनी तिला धरून ठेवायचं. हाही नियम त्याच म्हाताऱ्यांचा. फक्त गोठ्यात बसल्यावर हा कुणाला आठवत नाही.

"आई, हे असं... हे पुरुषानं सांगायचं असतं. तुमच्याकडे तर..." तो थांबला.

"बोल की. आमच्याकडे पुरुष नाही. जूनमध्ये पुरला. खड्ड्याशी तू होतास. म्हणून मी सांगतेय. तू येशील तेव्हा रिकाम्या हातानं यायचं नाही, आणि एकट्यानं यायचं नाही. त्या काठीवाल्या काकांना आण. त्यांनी इथं उभं राहून म्हणायचं, आमच्या पोरानं शब्द मोडला. मग बघू."

"काका इथं? ते नाही येणार."

"मग तूही येऊ नकोस."

तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहिला. "आई, निदान दोन दिवस तरी पाठवा हिला. उद्याही पाहुणे आहेत. माझी आई एकटीच आहे हो सगळं करायला."

वुयेल्वा जेवता जेवता उठून दारात आली. हातात कोंबडीची तंगडी होती.

"कोण एकटी?"

लुयांदानं मान खाली घातली.

"पुन्हा म्हण. मला नीट ऐकू आलं नाही. तुझी आई एकटी? ओसरीवर थांडेका, गोठ्यात गावभरचे पुरुष, खुर्चीत पास्टर, आणि तुझी आई एकटी? हे तू या अंगणात उभं राहून म्हणतोस?"

दावं हातात घेऊन तो उतारानं निघाला. शेळी पाण्यापर्यंत गेली आणि अडून बसली. तो ओढत होता, मागून ढकलत होता, शिव्या देत होता. वुयेल्वा दारातून बघत होती. मदतीला जावं असं तिला एकदाही वाटलं नाही. राग तर तसूभरही कमी झाला नव्हता. उलट आता तो ऐसपैस बसला होता, स्वतःच्या घरी बसावा तसा.

"दार लाव," आतून आई म्हणाली. "डास येतायत. आणि जेव, गार होतंय."